लाईट गेली, मेल मात्र चालूच

जुलैत महाबळेश्वरात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या डोंगरावर झाड पडतं, तार तुटते आणि बाजारातल्या झेरॉक्सच्या, ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांत एकदम अंधार होतो. इन्व्हर्टर असला तर प्रश्न नाही. नसला, किंवा त्याची बॅटरी उतरलेली असली, तर कॉम्प्युटर आहे त्या अवस्थेत बंद पडतो. त्या वेळी त्यावर तुमचा मेल उघडा होता असं समजा. स्क्रीन काळी झाली, तुम्ही छत्री उचलली, "उद्या येतो" म्हणालात आणि निघालात. मेल बंद झाला का?

नाही झाला. तासाभरानं लाईट येते, दुकानदार मशीन चालू करतो, क्रोम उघडतो. कोपऱ्यात एक चौकोन येतो: क्रोम नीट बंद झालं नव्हतं, आधीची पानं परत आणायची का? दुकानदाराला त्याचा अर्धवट राहिलेला फॉर्म हवा असतो. तो 'हो' करतो आणि त्याच्या फॉर्मसोबत तुमचा इनबॉक्सही उघडतो, पासवर्ड न विचारता. यात त्या बिचाऱ्याची काही लबाडी नाही. पण पुढचा ग्राहक खुर्चीत येऊन बसलेला असतो आणि तुमचे मेल त्याच्या डोळ्यांसमोर असतात.

हे असं का होतं ते समजलं, की बाकीची खबरदारी पाठ करावी लागत नाही.

वेबवरचा मेल कॉम्प्युटरात राहत नाही, तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो. ही सोय मुळात आलीच दुसऱ्याच्या मशीनवरून स्वतःचा मेल बघता यावा म्हणून. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांना नोकरीच्या ठिकाणी कंपनीच्या फायरवॉलमुळे आपला खासगी मेल उघडता येईना. त्या अडचणीतून त्यांना कुठल्याही ब्राउझरमधून उघडणारा मेल सुचला आणि ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झालं. तेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये तुमचे मेल शोधण्यात अर्थ नाही. तिथं राहतात त्या चार गोष्टी: कुकी, पासवर्ड, हिस्टरी आणि उतरवून घेतलेली फाइल. लोक यातल्या पासवर्डला फार जपतात आणि फाइल हमखास विसरतात. माझ्या मते धोक्याचा क्रम नेमका उलटा आहे.

आधी कुकी. तुम्ही पासवर्ड टाकला की सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक आकडा देतो. बसस्टँडवर सामान ठेवून मिळणाऱ्या बिल्ल्यासारखाच हा प्रकार: बिल्ला ज्याच्या हातात, सामान त्याचं. पुढच्या प्रत्येक क्लिकला ब्राउझर तो दाखवतो आणि सर्व्हर तुम्हाला ओळखतो. हा बिल्ला खिडकी बंद केल्यानं फाटत नाही, मशीन बंद केल्यानं फाटत नाही आणि लाईट गेल्यानं तर नाहीच. जीमेलचा बिल्ला कित्येक महिने चालू शकतो. तो रद्द करायचा तर सर्व्हरला तसं सांगावं लागतं, आणि साइन आउट म्हणजे नेमकं तेच सांगणं. वरच्या फुलीवर क्लिक करून उठणं आणि साइन आउट करून उठणं, यांत एवढा फरक आहे.

इथं दुकानात एक व्यावहारिक अडचण येते, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दुकानदाराचं स्वतःचं जीमेल दिवसभर उघडं असतं, कारण गिऱ्हाइकांच्या फाइली त्यावर येत असतात. तुम्ही बसता, कोपऱ्यातल्या फोटोवर क्लिक करता, 'दुसरं खातं जोडा' म्हणून आपलं खातं उघडता. काम झाल्यावर साइन आउट शोधायला जाता, तर तिथं लिहिलेलं असतं: सगळ्या खात्यांमधून साइन आउट. म्हणजे तुम्ही बाहेर पडलात की दुकानदारही बाहेर पडणार.

"काका, ते नका करू, माझं पण जाईल. मी करतो नंतर."

काका भिडेखातर उठतात. दुकानदार "नंतर" विसरतो. मागे पाच जण आधार, सातबारा, दाखला घेऊन उभे असतात, विसरणारच तो.

म्हणून खरी खबरदारी बाहेर पडताना नाही, आत शिरताना घ्यायची असते. मेल उघडायच्या आधीच म्हणायचं, "दादा, इनकॉग्निटो विंडो उघडून द्या." किंवा स्वतःच कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणं एकत्र दाबायची. एजमध्येही हीच बटणं चालतात, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. काळसर खिडकी उघडते. तिच्यात दुकानदाराचं खातं नसतं, त्यामुळे तुमचं येणं-जाणं त्याच्या आड येत नाही. या खिडकीतल्या कुकी मशीनच्या मेमरीत राहतात, हिस्टरीत नोंद होत नाही. लाईट गेली तर ही खिडकी परत उघडत नाही, बिल्लाही तिच्याबरोबर जातो. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात हा मोठाच फायदा म्हणायचा.

पण एक मेख आहे. इनकॉग्निटोच्या जेवढ्या खिडक्या एका वेळी उघड्या असतात, त्या सगळ्यांची कुकीची पेटी एकच असते. दुकानदारानं सकाळी कुणासाठी तरी उघडलेली काळी खिडकी खाली दडपून ठेवलेली असेल, तर तुम्ही तुमची बंद केल्यावरही पेटी शिल्लक राहते. दुपारी कोणी त्या जुन्या खिडकीत जीमेल लिहिलं तर तुमचाच इनबॉक्स हजर. शेवटची काळी खिडकी बंद होईपर्यंत हे चालतं. त्यामुळे इनकॉग्निटो असलं तरी साइन आउट करायचंच. क्रोममध्ये 'गेस्ट' नावाचाही पर्याय असतो, प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक केलं की यादीच्या तळाशी दिसतो. त्यात दुकानदाराचे बुकमार्कही दिसत नाहीत, पाहुण्याला ते अधिक सोयीचं.

आणि इनकॉग्निटो म्हणजे अदृश्य होणं नव्हे. त्या मशीनवर की दाबल्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर कोणी घातलं असेल तर काळी खिडकी त्याला अडवू शकत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही जीमेलवर गेलात एवढं कळू शकतं. मेलमधला मजकूर मात्र वाटेत वाचता येत नाही, कारण तुमच्या ब्राउझरपासून सर्व्हरपर्यंत तो कुलूपबंद जातो. दुकानाचं वायफाय कोणाचं, ही काळजी त्यामुळे आता तितकी उरलेली नाही. मशीन कोणाचं, ही आहे.

पासवर्डचं थोडक्यात. साध्या खिडकीत लॉगिन केलं की क्रोम विचारतं, 'पासवर्ड सेव्ह करायचा?' घाईत माणूस निळ्या बटणावर बोट ठेवतो. त्यानंतर तो पासवर्ड दुकानदाराच्या ब्राउझरमध्ये बसतो आणि पुढच्या वेळी जीमेलचं पान उघडलं की रकान्यात आपोआप भरला जातो. सेव्ह केलेले पासवर्ड उघडे करून बघायला विंडोजचा पासवर्ड लागतो हे खरं, पण तो दुकानदाराला माहीतच असतो, मशीन त्याचं आहे. 'क्रोममध्येही साइन इन करायचं का' असा दुसरा प्रश्न आला तर तिथंही नको म्हणायचं. हो म्हटलं तर तुमच्या खात्यातले बुकमार्क आणि पासवर्ड त्या मशीनवर उतरण्याची वाट मोकळी होते.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड, लावून ठेवलेलं असेल तर चोरलेला पासवर्ड एकटा कामाचा नाही. पण कोडच्या खाली एक छोटी चौकट असते: या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका. गूगलच्या पानावर त्या चौकटीत बरेचदा आधीच टिक असते. ती काढायची. नाहीतर दुसरं कुलूप तुम्ही स्वतःच त्या मशीनपुरतं काढून ठेवलं असं होतं. तापोळा किंवा कांदाटी खोऱ्याकडून कामासाठी वर येणाऱ्यांना रेंजची अडचण नवी नाही. फोनवर कोडच आला नाही तर काय, म्हणून कित्येक जण टू-स्टेप लावत नाहीत. त्यावर उपाय आहे. गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. ते घरी कागदावर उतरवून पाकिटात ठेवायचे. प्रत्येक कोड एकदाच चालतो, त्याला रेंज लागत नाही, आणि वापरलेला कोड कुणी मागून डोकावून पाहिला तरी बिघडत नाही.

हिस्टरीकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण त्यात नुसते वेबसाइटचे पत्ते असतात अशी समजूत असते. जीमेलमध्ये एखादा मेल उघडा आणि ब्राउझरच्या टॅबवर माऊस नेऊन बघा. तिथं मेलचा विषय असतो आणि पुढे तुमचा पत्ता. हेच शीर्षक हिस्टरीत जातं आणि क्रोम ते नव्वद दिवस सांभाळतं. 'रक्ताचा रिपोर्ट', 'कर्ज नामंजूर', 'मुलाखतीचं पत्र' हे सगळं मेल न उघडता, तुम्ही साइन आउट केलेलं असतानाही, कंट्रोल आणि एच दाबलं की वाचता येतं.

याला जोड म्हणून कायद्याचीही गंमत बघा. ग्राहकाला स्वतः बसून इंटरनेट वापरू देणाऱ्या दुकानांसाठी केंद्र सरकारनं एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेचे नियम आणले. ओळखपत्र पाहणं, आल्या-गेल्याची वेळ लिहिणं, आणि कोणत्या वेबसाइट पाहिल्या त्याची नोंद किमान एक वर्ष ठेवणं, हे मालकावर बंधनकारक झालं. कप्प्यांची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको आणि कप्प्याबाहेरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन दुकानाच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून हवी, असंही त्यात आहे. गुन्हे रोखण्याचा हेतू बरोबर असेल. पण आडोसा मिळण्याची अपेक्षा घेऊन तिथं जाऊ नये, एवढं त्यावरून कळतं. पगाराची स्लिप किंवा दवाखान्याचा मेल वाचायला ती जागा नाही.

आता फाइल. मी सगळ्यात जास्त जागा हिला देणार आहे, कारण मेलमधलं खरोखर उपयोगी असं जे काही असतं ते इथून बाहेर जातं.

प्रिंट हवी असते. मेल उघडतो, जोडलेली पीडीएफ दिसते, डाउनलोडचा बाण दाबतो, प्रिंट निघते, पैसे देतो, साइन आउट करतो आणि सगळं नीट केल्याच्या समाधानात घरी जातो. पीडीएफ डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये आहे. इनकॉग्निटोमध्ये उतरवली असली तरी आहे, कारण काळी खिडकी आपल्या नोंदी पुसते, उतरवलेल्या फाइलला हात लावत नाही. कुठल्याही चालत्या दुकानातलं ते फोल्डर एकदा उघडून बघा: ई-आधार, कंसात एक, कंसात दोन, कंसात सतरा. मार्कशीट, बँकेची स्टेटमेंटं, जातीचे दाखले. महिनोन्महिन्यांचा तालुका तिथं साचलेला असतो.

ई-आधारला पासवर्ड असतो ना, असं कोणी म्हणेल. असतो. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं साल. सुरेश नावाच्या १९७८ साली जन्मलेल्या माणसाचा पासवर्ड एस, यू, आर, ई, १९७८. तुम्हाला गावात ओळखणारं कोणीही तो दोन-चार प्रयत्नांत काढेल. ई-पॅनच्या पीडीएफला तर जन्मतारीखच पासवर्ड असते. रस्त्यात सापडलेल्या फाइलला हे कुलूप पुरेल, ओळखीच्या दुकानात ते कुलूपच नव्हे.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयानं एक पत्रक काढलं होतं. आधारची प्रत सरसकट कुणाला देऊ नका, शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार वापरा, सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवणं टाळा आणि उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असा त्याचा आशय. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत सरकारनं ते मागे घेतलं. पत्रक गेलं तरी सल्ला चुकीचा नव्हता. मास्क्ड आधार आजही प्राधिकरणाच्या वेबसाइटवरून मिळतं. पूर्ण क्रमांकाचा आग्रह नसेल तिथं तेच द्यावं.

पुसायचं कसं? क्रोममधल्या डाउनलोडच्या यादीतून नाव काढलं म्हणजे फाइल गेली असं नाही, तिथून नुसती नोंद जाऊ शकते. फोल्डर उघडायचं, फाइल निवडायची आणि शिफ्ट दाबून डिलीट करायची. नुसतं डिलीट केलं तर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. हे दुकानदाराला सांगायला संकोच वाटतो, तो तुम्ही चोर म्हटल्यासारखं बघेल अशी भीती असते. अनुभव उलटा आहे. "दादा, फाइल काढून टाकता का, म्हणजे तुमच्या डोक्याला ताप नको," असं म्हटलं की तो हसून काढून टाकतो. त्यालाही तो कचरा नकोच असतो.

हल्ली तर तुमचं खातं उघडण्याचीही गरज उरलेली नाही. काउंटरवर दुकानाचा मेल पत्ता आणि व्हॉट्सॲप नंबर चिकटवलेला असतो, फाइल पाठवा, प्रिंट घ्या. तुमचा पासवर्ड सुरक्षित, हे खरं. पण तुमच्या कागदाची एक प्रत आता दुकानाच्या इनबॉक्समध्ये आहे आणि ती कधी जाईल याला मुदत नाही. जीमेलवर पाठवलेला मेल फार तर तीस सेकंदांत मागे घेता येतो, पुढे तो समोरच्याचा. प्रिंट हातात पडल्यावर तो मेल समोरच डिलीट करून घ्यावा, आणि ट्रॅशमधूनही, कारण ट्रॅशमध्ये तो आणखी तीस दिवस राहतो. फोनमध्ये मेल असेल तर मला सगळ्यात बरा वाटणारा मार्ग साधा आहे: फाइल फोनमध्ये उतरवा, केबल लावा, ती एकच फाइल मशीनवर घ्या, प्रिंट काढा, डोळ्यांदेखत पुसा. मेल त्या मशीनवर उघडायचाच नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो शहरातल्या वाचकाला पटणार नाही. महाडीबीटीचा अर्ज भरायचा, शिष्यवृत्ती भरायची, फॉर्मवर ईमेलचा रकाना आला आणि माणसाकडे ईमेलच नाही. मग फॉर्म भरणारा तिथल्या तिथे खातं काढून देतो. पासवर्ड तोच ठरवतो, बहुतेक वेळा नाव, पुढे ॲट आणि एक-दोन-तीन. रिकव्हरीला कधी स्वतःचाच नंबर घालतो, म्हणजे ओटीपीसाठी गिऱ्हाइकाला फोन करत बसायला नको. काम होतं. पण चार वर्षांनी त्याच पत्त्यावर कॉलेजचे, बँकेचे, भरतीचे मेल यायला लागतात आणि खात्याची किल्ली अजून दुकानात असते. असं खातं तुमच्या घरात कुणाचं असेल तर ते आधी ताब्यात घ्या. फोनवर लॉगिन करून पासवर्ड बदला, रिकव्हरीचा नंबर आणि पत्ता आपला घाला. मग कॉम्प्युटरवरच्या जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर ही दोन ठिकाणं बघा, आलेला मेल आणखी कुठे जात नाही ना. पासवर्ड बदलला आणि फॉरवर्डिंग तसंच राहिलं, तर मेल पूर्वीसारखाच बाहेर जात राहतो.

हॉटेलच्या रिसेप्शनचा प्रश्न वेगळा. तिथं मशीन एक, मेल एक आणि पाळीनुसार माणसं तीन. पाहुण्यांची ओळखपत्रं, बुकिंगचे पैसे, रद्द केलेल्या खोल्यांच्या तक्रारी, सगळं त्याच पत्त्यावर. मालक सगळ्यांना एकच पासवर्ड देतो, सीझन संपला की पोरं गावी जातात आणि पासवर्ड त्यांच्यासोबत जातो. जीमेलमध्ये खातं दुसऱ्याच्या नावे वापरायला देण्याची सोय आहे. मालक सेटिंगमधून दहा जणांपर्यंत परवानगी देऊ शकतो. ते आपापल्या खात्यातून हॉटेलचा मेल वाचतात, उत्तर देतात, पण पासवर्ड त्यांना कळत नाही आणि बदलताही येत नाही. माणूस गेला की त्याचं नाव काढायचं. रिसेप्शनवरच्या माणसानं आपला खासगी मेल त्याच मशीनवर बघायचा असेल तर क्रोमचं वेगळं प्रोफाइल केल्यानं काम भागत नाही. एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात जायला एक क्लिक लागतं, पासवर्ड नाही. विंडोजमध्येच प्रत्येकाचं वेगळं खातं हवं, आणि उठताना विंडोजची की आणि एल. घरात एकाच कॉम्प्युटरवर चौघं असतील तिथंही हेच. फक्त ज्याच्याकडे ॲडमिनचं खातं, त्याच्यापासून काही लपत नाही, आणि ते बहुधा घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे असतं.

साइन आउट राहून गेल्याचं गाडीत बसल्यावर आठवलं तर परत वर चढायची गरज नाही. फोनवर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात तुमच्या डिव्हाइसची यादी असते. त्यात 'विंडोज' म्हणून दिसणारं मशीन तुमचं नसेल तर त्यावर बोट ठेवून साइन आउट करा. त्या दुकानातला बिल्ला रद्द होतो. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलंत तर इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे, बारीक अक्षरांत, खातं शेवटचं कधी वापरलं गेलं ते लिहिलेलं असतं. तिथल्या तपशिलात गेलं की बाकीची सगळी सेशन एकदम बंद करायचं बटण आहे. डिव्हाइसच्या यादीत कधी एखादा टीव्हीही सापडतो, कुठल्याशा हॉटेलच्या खोलीत यूट्यूबसाठी लॉगिन केलेला. तोही काढून टाका.

अनोळखी मशीन दिसलं आणि मेल खरोखर कुणी वाचल्याची, तुमच्या नावानं पाठवल्याची खूण असेल, तर आधी त्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, मग पासवर्ड बदला. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम खात्यांमधून पुढे सरकायच्या आत थोपवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.